सुजलेल्या सांध्यातला नायट्रिक ऑक्साइड

आमवाताच्या रुग्णाचा गुडघा फार सुजला की डॉक्टर कधी कधी सुई घालून त्यातले पाणी काढतात. निरोगी गुडघ्यातले वंगण कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखे चिकट आणि पारदर्शक असते आणि तेही चमचाभर भरत नाही. सुजलेल्या गुडघ्यातून मात्र पातळ, पिवळसर, गढूळ पाणी सिरिंज भरभरून निघते. या पाण्याचा थोडा नमुना घेऊन त्यात ग्रीस अभिक्रियेची दोन रसायने घातली, तर काही मिनिटांत नळीत गुलाबी रंग धरू लागतो. पेटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात दिलेली ही कसोटी नायट्राइट ओळखते. पाण्यातील नायट्राइट तपासणारे संच आणि लघवीतला जंतुसंसर्ग सुचवणारी कागदी पट्टी आजही याच गुलाबी रंगावर चालतात. रंग जितका गडद, तितके नायट्राइट जास्त.

१९९२ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यातले पाणी आणि रक्त या दोन्हींमधले नायट्राइट मोजले. रुग्णांच्या रक्तात ते निरोगी माणसांपेक्षा जास्त होते आणि सांध्यातल्या पाण्यात तर रक्तापेक्षाही जास्त. म्हणजे ते केवळ रक्तातून झिरपून आलेले नव्हते, सांध्यातच तयार होत होते. नायट्राइट ही खरे तर राख आहे. जाळ आहे तो नायट्रिक ऑक्साइडचा. हा वायू शरीरात काही सेकंदच टिकतो, त्यामुळे तो थेट पकडणे अवघड, आणि मागे उरलेल्या राखेवरून चूल किती पेटली होती याचा अंदाज बांधावा लागतो.

नावाचा एक घोळ आधी मिटवलेला बरा. दंतवैद्याकडे भूल देण्यासाठी वापरतात तो हसवणारा वायू म्हणजे नायट्रस ऑक्साइड. त्याच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू असतात आणि त्याचा या लेखाशी काहीही संबंध नाही. नायट्रिक ऑक्साइडच्या रेणूत नायट्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक असे दोनच अणू असतात. त्यातला एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतो, म्हणून हा रेणू भेटेल त्या लोहाच्या अणूला किंवा दुसऱ्या एकट्या इलेक्ट्रॉनला चटकन चिकटतो. तो इतका लहान आहे की पेशीच्या भिंतीतून त्याला दार लागत नाही. इतर अनेक संदेशवाहक रेणू पेशीत साठवून ठेवता येतात आणि गरज पडेल तेव्हा सोडता येतात. नायट्रिक ऑक्साइड साठवता येत नाही, तो लागेल तेव्हा लागेल तिथेच बनवावा लागतो. त्यामुळे त्याची गोष्ट ही प्रामुख्याने तो बनवणाऱ्यांची गोष्ट आहे.

हा वायू आपले शरीर स्वतःच बनवते, हे शास्त्रज्ञांना दोन वेगळ्या वाटांनी कळले. पहिली वाट रक्तवाहिन्यांची. अमेरिकेतील रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करत असत. एकच औषध दिले असता काही पट्ट्या आकसत आणि काही सैल पडत. पट्टी तयार करताना तिची आतली बाजू चुकून घासली गेली, तर तिथले एका पेशीच्या जाडीचे अस्तर निघून जाते आणि मग ती सैल पडत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. हे अस्तर कोणता तरी पदार्थ सोडते आणि त्याने रक्तवाहिनी रुंदावते, असे त्यांनी १९८० मध्ये मांडले. तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे १९८६-८७ च्या सुमारास लुई इग्नॅरो आणि साल्व्हादोर मोंकादा यांच्या कामातून ठरले. छातीत दुखू लागल्यावर जिभेखाली ठेवायची गोळीही शरीरात हाच वायू देते, हे फरीद मुराद यांनी त्याआधीच दाखवले होते. १९९८ चे नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना मिळाले. मोंकादा राहिले, आणि ते योग्य झाले नाही असे मानणारे आजही बरेच आहेत. सांध्यातल्या पाण्याच्या १९९२ च्या त्या अभ्यासातही मोंकादांचा सहभाग होता.

दुसरी वाट कमी सांगितली जाते, पण आपल्या विषयाला तीच जवळची आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत स्टीव्हन टॅननबॉम आणि त्यांचे सहकारी माणसांच्या आहारातले नायट्रेट आणि लघवीतून जाणारे नायट्रेट यांचा जमाखर्च मांडत होते. जमेपेक्षा खर्च जास्त निघत होता, म्हणजे शरीर कुठे तरी स्वतःच नायट्रेट बनवत होते. त्यात एका स्वयंसेवकाला ताप आणि जुलाब झाले, आणि नेमक्या त्या दिवसांत त्याच्या लघवीतले नायट्रेट एकदम वाढले. आजारपण आणि हा अनाकलनीय नायट्रेट यांचे काही नाते असावे, ही शंका तिथून बळावली. १९८५ मध्ये उंदरांच्या मॅक्रोफेज पेशी नायट्राइट आणि नायट्रेट, म्हणजे नायट्रिक ऑक्साइडचीच राख, बनवतात हे दिसले. मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी. १९८७ मध्ये जॉन हिब्ज यांनी असे दाखवले की या पेशींना आर्जिनिन हे अमिनो आम्ल मिळाले नाही, तर त्यांची मारक शक्तीच जाते.

आर्जिनिन हा कच्चा माल. डाळी, शेंगदाणे, मांस, मासे यांतून तो आपल्याला रोज मिळतो. त्याच्यापासून ऑक्सिजनच्या मदतीने नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकर, म्हणजे एन्झाइम, तीन प्रकारचे आहे. एक चेतापेशींत असते, दुसरे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात. ही दोन्ही कायम हजर असतात, पेशीतले कॅल्शियम वाढले की क्षणभर चालतात आणि कॅल्शियम उतरले की थांबतात. त्यांचे उत्पादन अगदी थोडे, देवघरातल्या समईच्या ज्योतीइतके. तिसऱ्या विकराला संशोधक आयनॉस म्हणतात. एरवी बहुतेक पेशींत ते नसतेच. जंतूंच्या भिंतीचे तुकडे, इंटरफेरॉन गॅमा, टीएनएफ, इंटरल्युकिन १ असे दाहाचे निरोप पोहोचले की पेशी त्याचा जनुक चालू करते आणि काही तासांत हे विकर तयार होते. एकदा तयार झाले की ते कॅल्शियमच्या चढउतारांना जुमानत नाही. आर्जिनिन मिळत असेपर्यंत ते तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस चालू राहते, आणि समईच्या जागी भट्टी पेटते.

या अभिक्रियेत नायट्रिक ऑक्साइडबरोबर सिट्रुलिन हा उपपदार्थही तयार होतो. आमवाताच्या निदानासाठी अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी केलेल्या वाचकांना हा शब्द ओळखीचा वाटेल, कारण त्या नावातला पहिला सी सिट्रुलिनचा नसला तरी दुसरा त्याचाच आहे. पण ती गल्लत करू नये. त्या तपासणीतले सिट्रुलिन प्रथिनांच्या साखळीत बसलेल्या आर्जिनिनवर एक अगदी वेगळे विकर काम करते तेव्हा बनते, आणि शरीर त्या बदललेल्या प्रथिनाला परके समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. नायट्रिक ऑक्साइडच्या भट्टीतून निघणारे सिट्रुलिन सुटे असते. नाव एक, रेणूही एक, पण कारखाने निराळे.

आता ऑटोइम्यून आजारांकडे. या आजारांत शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच ऊतींना शत्रू ठरवते. जंतू आल्यावर भट्टी पेटते, जंतू संपतात, निरोप थांबतात आणि भट्टी विझते, हा नेहमीचा क्रम. आमवातात शत्रू म्हणून ज्याच्यावर बोट ठेवले आहे तो सांधा स्वतःच असल्यामुळे निरोप थांबतच नाहीत. सांध्याचे आतले अस्तर जाड होत जाते, त्यात मॅक्रोफेज आणि टी पेशी, म्हणजे हल्ल्याची दिशा ठरवणाऱ्या पांढऱ्या पेशी, येऊन ठाण मांडतात, आणि टीएनएफ व इंटरल्युकिन १ यांचा सांध्यात सतत पाझर राहतो. शेजारच्या कूर्चेतल्या, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीतल्या, पेशी हा निरोप ऐकतात आणि त्याही आयनॉस बनवू लागतात. कूर्चेची ही कामगिरी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे, कारण इथे मार खाणारी ऊतीच मारणाऱ्याच्या हातात काठी देते. नायट्रिक ऑक्साइड वाढला की कूर्चेतल्या पेशी कोलाजेन आणि प्रोटिओग्लायकन हे कूर्चेचे बांधकाम साहित्य नव्याने बनवणे कमी करतात, कूर्चा कुरतडणारी विकरे जोर धरतात आणि काही पेशी मरून जातात.

एकट्या नायट्रिक ऑक्साइडपेक्षा त्याची जोडी जास्त घातक असते. दाह झालेल्या जागी पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड नावाचा ऑक्सिजनचा एक आक्रमक प्रकारही सोडतात. एरवी सुपरऑक्साइडला निकामी करणारे एक विकर शरीरात असते, आणि ते अतिशय चपळ असते. पण नायट्रिक ऑक्साइड भरपूर असेल तर तो त्याच्याही आधी सुपरऑक्साइडला गाठतो आणि दोघांचे मिळून पेरॉक्सिनायट्राइट बनते. हा पदार्थ प्रथिनांवर, मेदांवर आणि डीएनएवर तुटून पडतो. प्रथिनांमधल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर तो नायट्रोजनचा एक डाग सोडतो, आणि तो डाग रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. नायट्राइट ही राख असेल, तर नायट्रोटायरोसिन हा भिंतीवर उमटलेला काजळीचा ठसा आहे. आमवाताच्या सांध्यात आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या चेतातंतूंच्या आवरणावर हल्ला होणाऱ्या आजाराच्या रुग्णांच्या मेंदूतील व्रणांत तो सापडलेला आहे.

इथवर वाचल्यावर वाटेल की नायट्रिक ऑक्साइड बंद केला की काम झाले. १९९० च्या दशकात संशोधकांनाही तसेच वाटत होते. १९९३ मध्ये एका अमेरिकी चमूने जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे टोचून उंदरांच्या मोठ्या जातीत, म्हणजे रॅटमध्ये, सांध्यांचा दाह उत्पन्न केला आणि तिन्ही विकरे रोखणारे औषध देऊन तो आटोक्यात ठेवला. पुढच्या वर्षी ल्युपससारखा, म्हणजे अनेक अवयवांवर हल्ला करणारा ऑटोइम्यून आजार आपोआप होणाऱ्या उंदरांच्या एका जातीत हेच औषध दिल्यावर मूत्रपिंडाचा आणि सांध्यांचा दाह कमी झालेला दिसला. पण १९९७ मध्ये त्याच जातीच्या उंदरांमधून आयनॉसचा जनुकच काढून टाकला, तेव्हा रक्तवाहिन्यांचा दाह कमी झाला तरी मूत्रपिंडाचा दाह होता तसाच राहिला. आणि २००१ मध्ये रॅटवर काम करणाऱ्या पहिल्या चमूने फक्त आयनॉसला रोखणारे नेमके औषध दिले, तेव्हा सांध्यांची झीज चक्क वाढली. मला या सगळ्या इतिहासात हा प्रयोग सर्वांत बोलका वाटतो. ज्या विकराला सर्वांनी गुन्हेगार ठरवले होते, त्यालाच बाजूला केल्यावर घर अधिक जळाले.

मेंदूबाबतही तसेच घडले. मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार उंदरांमध्ये मुद्दाम घडवता येतो. आयनॉसचा जनुक नसलेल्या उंदरांमध्ये तो सौम्य होईल अशी अपेक्षा होती, पण १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तो अधिक तीव्र झालेला दिसला. याचे एक कारण असे की मॅक्रोफेजने सोडलेला नायट्रिक ऑक्साइड शेजारच्या टी पेशींची वाढ रोखतो. ज्या टी पेशी हल्ल्याचे नेतृत्व करतात, त्यांनाच तो आवरतो. म्हणजे एकाच ठिकाणी तो चेतातंतूंना इजा करत असतो आणि त्याच वेळी हल्लेखोरांची संख्याही मर्यादित ठेवत असतो. आजाराच्या कोणत्या टप्प्यावर यातले कोणते काम वरचढ असेल, यावर औषधाचा परिणाम ठरतो.

उंदीर आणि माणूस यांतला फरकही इथे आडवा येतो. उंदराच्या मॅक्रोफेजना बशीत वाढवून दाहाचे निरोप दिले की त्या सढळ हाताने नायट्राइट बनवतात. माणसाच्या रक्तातून काढलेल्या पेशींना तेच निरोप दिले तर जवळजवळ काहीच हाती लागत नाही. त्यामुळे माणसात हा प्रकार होतच नाही, असे म्हणणाराही एक पक्ष होता. पुढे आमवाताच्या सांध्यात आणि क्षयरोग्यांच्या फुप्फुसातल्या मॅक्रोफेजमध्ये आयनॉस प्रत्यक्ष दिसले, आणि बशीतल्या पेशींवरून ऊतींतल्या पेशींचे वागणे ठरवता येत नाही हे मान्य झाले. तरीही उंदरांवरचे आकडे जसेच्या तसे माणसाला लावण्याआधी दोनदा विचार करावा लागतो.

क्षयाचा उल्लेख ओघात आला, पण आपल्या देशात तो महत्त्वाचा आहे. आयनॉस नसलेले उंदीर क्षयाच्या जंतूंपुढे लवकर हार मानतात. आमवातावर टीएनएफ रोखणारी इंजेक्शने सुरू करण्याआधी डॉक्टर छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी करून घेतात, ती टीएनएफ दबला की जुना क्षय डोके वर काढू शकतो म्हणून. टीएनएफ क्षयाच्या जंतूंना अनेक मार्गांनी कोंडून ठेवते आणि मॅक्रोफेजमधली ही भट्टी पेटवणे हा त्यांतला एक मार्ग आहे.

आता याच रुग्णाच्या सांध्याकडून त्याच्या रक्तवाहिन्यांकडे वळू, कारण खरी गुंतागुंत तिथे कळते. आमवाताच्या रुग्णांना हृदयविकाराचा धोका सर्वसामान्य माणसांपेक्षा जास्त असतो. दीर्घकाळ चाललेल्या दाहामुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातली समई मंद होते. तिथल्या विकराला लागणारा टेट्राहायड्रोबायोप्टेरिन हा मदतनीस रेणू कमी पडला, की ते विकर नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइडच बनवू लागते, आणि तो सुपरऑक्साइड उरलासुरला नायट्रिक ऑक्साइडही खाऊन टाकतो. म्हणजे एकाच माणसाच्या गुडघ्यात हा वायू गरजेपेक्षा जास्त आणि त्याच्याच धमन्यांत गरजेपेक्षा कमी. अशा माणसाला नायट्रिक ऑक्साइड वाढला आहे की कमी झाला आहे, असे विचारणे हाच चुकीचा प्रश्न आहे. कोणत्या विकराने, कुठे, किती वेळ आणि कोणाच्या सोबतीत, हे विचारावे लागते.

स्क्लेरोडर्मा या त्वचा कडक करणाऱ्या ऑटोइम्यून आजारात ही कमतरता डोळ्यांनी दिसते. थंड पाण्यात हात घातला किंवा हिवाळ्यात सकाळी दुचाकीचे हँडल धरले, की बोटांची टोके आधी पांढरीफटक पडतात, मग निळसर होतात आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन ठणकू लागतात. बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्यांना सैल करणारी अस्तराची यंत्रणा दुबळी झालेली असते. इथे डॉक्टर नायट्रिक ऑक्साइड कमी करत नाहीत, त्याचा परिणाम वाढवतात. सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल ही औषधे नायट्रिक ऑक्साइडने पेशीत पाठवलेला पुढचा निरोप लवकर पुसला जाऊ देत नाहीत, म्हणून बोटांना रक्त पोहोचते. हीच औषधे जिभेखालच्या नायट्रेट गोळीबरोबर घेतली तर रक्तदाब धोकादायक इतका कोसळतो, हे अशा रुग्णांच्या घरच्यांनाही ठाऊक असायला हवे.

माणसांवर नायट्रिक ऑक्साइड रोखण्याचा मोठा प्रयत्न ऑटोइम्यून आजारात नव्हे, तर सेप्टिक शॉकमध्ये झाला, जिथे जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळतो. सुमारे ८०० रुग्णांच्या त्या चाचणीत तिन्ही विकरे रोखणारे औषध दिले. रक्तदाब वर आला, पण २८ दिवसांत औषध घेतलेल्यांपैकी ५९ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी ४९ टक्के रुग्ण दगावले, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. पुढे फक्त आयनॉस रोखणारे एक औषध झिजेच्या संधिवातात दोन वर्षे देऊन पाहिले. गुडघ्यातली झीज त्याने थांबली नाही. आमवातात तर अशा गोळीला आजवर नेहमीच्या उपचारात जागा मिळालेली नाही. उलट जी औषधे खरोखर उपयोगी ठरली, ती एक पायरी वर जाऊन काम करतात. स्टिरॉइड आयनॉसचा जनुक चालूच होऊ देत नाहीत, मात्र आधीच बनलेल्या विकराला ते थांबवू शकत नाहीत. टीएनएफ रोखणारी इंजेक्शने भट्टी पेटवणारा निरोपच अडवतात. भट्टी त्यांनी कमी होते, पण ती थेट विझवायला कोणी जात नाही.

मग रुग्णाने रक्तातले नायट्राइट-नायट्रेट तपासून घ्यावे का? नेहमीच्या तपासण्यांत ते नसते, आणि त्याचे कारण आपल्या ताटात आहे. पालक, मुळा, बीट यांत नायट्रेट भरपूर असते. ते पोटातून रक्तात आणि रक्तातून लाळेत येते, जिभेच्या मागच्या भागातले जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, आणि त्याचाही काही भाग शेवटी नायट्रिक ऑक्साइड होतो. रात्री पालकाची पातळ भाजी खाऊन सकाळी रक्त दिले, तर वाढलेला आकडा सांध्याचा की भाजीचा हे सांगता येत नाही. म्हणूनच संशोधनात सहभागी होणाऱ्यांना आधी काही काळ कमी नायट्रेटचा आहार देतात. या भाज्यांनी आमवात भडकतो असा अर्थ मात्र कोणी काढू नये; आहारातून आलेला नायट्रेट आयनॉसची भट्टी पेटवत नाही. व्यायामशाळांजवळच्या दुकानांत मिळणाऱ्या आर्जिनिनच्या पावडरीबद्दल तितक्या निश्चिंतपणे बोलता येत नाही, कारण तो थेट कच्चा माल आहे आणि तो समईला मिळेल की भट्टीला, हे डब्यावर लिहिलेले नसते. आमवात, ल्युपस किंवा स्क्लेरोडर्मा असलेल्यांनी तो डबा उघडण्याआधी आपल्या संधिवाततज्ज्ञांना दाखवावा, आणि त्यासोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादीही न्यावी.